तोंडावाटे प्रथिन-औषधे : यीस्ट पेशींची नवी कामगिरी

घरातील मधुमेही माणसाला रोज इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागते, तेव्हा "याची गोळी का निघत नाही?" असा प्रश्न घरातील लहान मुलेही विचारतात. हा प्रश्न इन्शुलिनइतकाच जुना आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून हे संप्रेरक वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तेव्हापासून आजपर्यंत शेकडो संशोधकांनी इन्शुलिन तोंडावाटे देण्याचे प्रयत्न केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. त्यामुळे या प्रश्नाचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही.

इन्शुलिन हे एकटेच असे औषध नाही. प्रतिपिंडे, वाढीचे घटक, अनेक नवी संप्रेरके ही सर्व प्रथिने आहेत आणि त्यांतील बहुतेक सुईनेच द्यावी लागतात. ती बहुधा शीतपेटीत जपावी लागतात व त्यांची किंमतही मोठी असते. ही औषधे रुग्णाच्या आतड्यापर्यंत पोहोचविण्याचे काम यीस्टच्या पेशीकडून करवून घेता येईल काय, या दिशेने गेल्या काही वर्षांत लक्षणीय संशोधन झाले आहे. या संशोधनातून कोणती आशा बाळगावी आणि कोणती बाळगू नये, हे समजण्यासाठी प्रथम प्रथिनाचे पोटात काय होते ते पाहिले पाहिजे.

प्रथिनाची गोळी का होत नाही?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. इन्शुलिनमध्ये अशी ५१ अमिनो आम्ले असून ती दोन साखळ्यांत गुंफलेली असतात. एका साखळीत २१ आणि दुसरीत ३०. या साखळ्यांना विशिष्ट घडी पडते आणि त्या घडीवरच औषधाचा गुण अवलंबून असतो. घडी मोडली की गुण गेला.

पचनसंस्थेचे काम नेमके ही घडी मोडण्याचे आहे. जठरातील तीव्र आम्ल प्रथिनाची घडी उलगडते आणि पेप्सिन हे विकर त्याचे तुकडे करते. लहान आतड्यात ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन ही विकरे उरलेले काम पुरे करतात. वरणातील प्रथिन आणि औषधातील प्रथिन यांत जठर भेद करीत नाही. दोहोंचे अमिनो आम्लांत रूपांतर होते आणि औषध अन्न बनून जाते.

यातूनही जे प्रथिन अखंड राहील, त्याच्यापुढे दुसरा अडथळा उभा असतो. आतड्याच्या आतील बाजूस श्लेष्माचा थर असतो व त्याखाली एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची भिंत असते. मीठ, साखर, अमिनो आम्ले यांसारख्या लहान रेणूंना या भिंतीतून मार्ग मिळतो. प्रथिनाचा मोठा रेणू मात्र तेथेच अडतो. हा अडथळा शरीराच्या हिताचाच आहे; तो नसता तर आतड्यातील असंख्य जिवाणूंची विषे सहज रक्तात शिरली असती.

हा अडथळा किती भक्कम आहे, हे एका यशस्वी उदाहरणावरून दिसते. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड हे औषध गोळीच्या रूपात देण्यास अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. गोळीत एक साहाय्यक द्रव्य मिसळलेले असते. ते जठरातील आम्लाची तीव्रता गोळीच्या भोवती कमी करते व औषध आत शिरण्यास मदत करते. गोळी उपाशीपोटी, अगदी थोड्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. तरीही औषधाचा जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. इंजेक्शनाने आठवड्यातून एकदा अर्धा ते एक मिलिग्रॅम औषध दिले जाते, तर प्रथम बाजारात आलेल्या गोळीची नेहमीची मात्रा रोज ७ ते १४ मिलिग्रॅम होती. औषधाचा हा अपव्यय महागड्या प्रथिनांच्या बाबतीत परवडणारा नाही.

कारखान्यातील यीस्ट

यीस्टशी मानवाची ओळख फार जुनी आहे. गोव्यातील पावभट्ट्यांत पूर्वी माडी घालून पीठ आंबवीत; त्या माडीतील यीस्टच पाव फुगवीत असे. १६८० मध्ये हॉलंडमधील लेव्हेनहूक याने आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे गोलक पाहिले. किण्वन हे या जिवंत पेशींचे कार्य आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुई पाश्चर याने दाखवून दिले. एका पेशीचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. तथापि एवढ्याशा पेशीत मानवी पेशीप्रमाणेच केंद्रक असते आणि आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल इत्यादी अंगकेही असतात. जिवाणूंच्या पेशीत ही व्यवस्था नसते.

१९७८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेराल्ड फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीत बाहेरून जनुक घालण्यात यश मिळविले. तेथून यीस्टच्या औद्योगिक इतिहासाला निराळे वळण मिळाले. हिपॅटायटिस बी या काविळीवरील लस त्यापूर्वी बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवापासून तयार करीत. यीस्टमध्ये विषाणूच्या आवरणाचे जनुक घालून केलेल्या लसीला अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली. जनुक-अभियांत्रिकीने तयार झालेली ती माणसांसाठीची पहिली लस होय. १९९६ मध्ये पावाच्या यीस्टचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून झाला. त्यात १६ गुणसूत्रे व सुमारे ६,००० जनुके आढळली.

भारतातही यीस्टने मोठे काम केले आहे. हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने पिकिया जातीच्या यीस्टपासून तयार केलेली हिपॅटायटिस बी लस १९९७ मध्ये बाजारात आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची याच रोगावरील लस हॅन्सेन्युला या यीस्टपासून होते. बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ साली पिकिया यीस्टपासून तयार केलेले मानवी इन्शुलिन उपलब्ध करून दिले.

या सर्व उदाहरणांत यीस्ट पोलादी टाकीत वाढते, प्रथिन तयार करते आणि तेथेच त्याचे काम संपते. त्यानंतर प्रथिन शुद्ध करावे लागते, थंड ठेवावे लागते व सुईने टोचावे लागते. शुद्धीकरण हा या प्रक्रियेतील अतिशय खर्चाचा टप्पा होय. नव्या संशोधनाची मूळ कल्पना अशी की, टाकीतील यीस्टच रुग्णाला गिळण्यास द्यावे आणि प्रथिन तयार करण्याचे काम त्याने आतड्यात करावे.

प्रथिन पेशीबाहेर कसे येते?

यासाठी यीस्टने प्रथिन तयार करून ते पेशीबाहेर सोडले पाहिजे. या निर्यातीचा मार्ग यीस्टमध्येच उलगडला गेला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन शास्त्रज्ञ रँडी शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी निर्यात अडलेल्या यीस्ट पेशी शोधून काढल्या आणि कोणत्या जनुकामुळे प्रथिन कोठे अडते हे ठरविले. या कार्यासाठी शेकमन यांना २०१३ च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रथिनाच्या आरंभी अमिनो आम्लांची एक लहान साखळी जोडलेली असते. टपालावरील पत्त्याप्रमाणे ती प्रथिनाला आंतर्द्रव्यजालिकेकडे नेते. तेथे पत्त्याचा भाग कापला जातो, प्रथिनाला योग्य घडी पडते आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी सांधल्या जातात. तेथून ते गॉल्जी संकुलात जाते व सूक्ष्म पिशव्यांतून प्रथिन पेशीबाहेर पडते. यीस्टच्या पेशी परस्परांना ओळखण्यासाठी आल्फा घटक नावाचे लहान प्रथिन बाहेर सोडतात. संशोधक या घटकाचा "पत्ता" उचलून तो औषधी प्रथिनाच्या जनुकाला जोडतात. पेशी नेहमीच्या सवयीने ते प्रथिन बाहेर टाकते.

येथे एक अडचणही आहे. यीस्ट काही प्रथिनांना मॅनोज शर्करेच्या लांब शाखा जोडते. मानवी पेशींतील शर्करेच्या शाखा निराळ्या असल्यामुळे काही औषधांचा गुण त्यामुळे बदलू शकतो. म्हणून अशा शाखांवाचून काम करणारी लहान, साधी प्रथिने या पद्धतीस अधिक सोयीची ठरतात. उंटाच्या कुळातील प्राण्यांच्या रक्तात एकाच प्रकारच्या साखळीची प्रतिपिंडे असतात. त्यांचा अगदी लहान तुकडाही लक्ष्याला घट्ट पकडतो. यीस्टकडून करवून घेण्यास असे तुकडे फार उपयुक्त आहेत.

फळांच्या सालीवरील यीस्ट

आतड्यात पाठविण्यासाठी कोणते यीस्ट निवडावे? पावाचे यीस्ट साधारण ३० अंश सेल्सिअसला उत्तम वाढते, तर मानवी शरीराचे तापमान ३७ अंश असते. १९२० च्या दशकात हेन्री बुलार्ड हा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात असताना तेथील लोक पटकीच्या साथीत लिची व मँगोस्टीन या फळांच्या साली चघळतात असे त्याने पाहिले. त्या फळांपासून त्याने एक यीस्ट वेगळे काढले. ते पुढे त्याच्याच नावाने बुलार्डी यीस्ट म्हणून ओळखले जाऊ लागले. हे यीस्ट ३७ अंशांवर चांगले वाढते व जठरातील आम्लही बऱ्याच अंशी सोसते. प्रतिजैविकांच्या सेवनाने होणाऱ्या जुलाबांवर ते अनेक देशांत दिले जाते आणि भारतातील औषधांच्या दुकानांतही त्याच्या पुड्या व कॅप्सुले मिळतात.

त्याचे आणखी दोन गुण महत्त्वाचे आहेत. यीस्ट ही बुरशीवर्गातील वनस्पती असल्याची जुनी समजूत मागे पडून बुरशींचा स्वतंत्र वर्ग मानला गेला आहे. जिवाणूंना मारणारी प्रतिजैविके या वर्गातील पेशींना मारीत नाहीत. त्यामुळे रुग्ण प्रतिजैविक घेत असतानाही यीस्ट आपले काम चालू ठेवते. दुसरे असे की, ते आतड्यात कायमचे वास्तव्य करीत नाही. घेणे थांबविले की थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जाते. त्यामुळे औषध रोज घ्यावे लागते हे खरे. परंतु ते थांबविण्याचा उपायही रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या हाती राहतो.

आतड्यातील रोगावर आतड्यातच औषध

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा रोग हे या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील नेहमीचे जिवाणू मेले की, हा जिवाणू मोकळ्या जागेत वाढतो. त्याची अ आणि ब ही दोन विषे मोठ्या आतड्याला इजा करतात. तीव्र जुलाब होतात व एकदा बरा झालेला रोग पुन्हा उलटू शकतो. प्रतिजैविकावर पुन्हा प्रतिजैविक देण्याचा फेरा यातून सुरू होतो.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात हानपिंग फेंग यांच्या गटाने उंटकुळातील प्रतिपिंडांचे चार तुकडे एका साखळीत जोडले. ही साखळी दोन्ही विषांना निकामी करते. तिचे जनुक बुलार्डी यीस्टमध्ये घालण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हे यीस्ट तोंडावाटे दिलेल्या उंदरांचे रोगाच्या पहिल्या हल्ल्यापासून आणि रोग उलटण्यापासूनही रक्षण झाले. येथे प्रथिनाला रक्तात शिरण्याची गरज नव्हती. विष आतड्यात होते आणि प्रतिपिंडही आतड्यातच तयार होत होते.

दुसरे उदाहरण आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आहे. दाह झालेल्या भागातील दुखावलेल्या पेशींतून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बाहेर सांडतो आणि त्यामुळे दाह आणखी भडकतो. बॉस्टन येथील फ्रान्सिस्को क्विंटाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावाच्या यीस्टमध्ये एटीपी ओळखणारे मानवी ग्राहक प्रथिन बसविले व ते अधिक संवेदनशील केले. या ग्राहकाला एटीपी आढळले की, यीस्ट अपायरेज हे विकर बाहेर सोडते आणि ते विकर एटीपीचे विघटन करते. दाह अधिक तेथे औषध अधिक आणि दाह ओसरला की औषधही कमी, अशी ही योजना आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत उंदरांच्या आतड्याचा दाह लक्षणीय प्रमाणात कमी झाला. गोळीची मात्रा डॉक्टर आधी ठरवितात. येथे पेशी रोगाची तीव्रता पाहून मात्रा ठरविते, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

इन्शुलिनचे काय?

या यशावरून इन्शुलिन तयार करणारे यीस्ट गिळले की मधुमेह आटोक्यात येईल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इन्शुलिनला रक्तात पोहोचणे आवश्यक असते आणि आतड्याची भिंत यीस्टने सोडलेल्या इन्शुलिनलाही तितक्याच निष्ठुरपणे अडविते. शिवाय इन्शुलिनची मात्रा अचूक असावी लागते. ती कमी झाली तर साखर वाढते आणि जास्त झाली तर साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. आतड्यात यीस्टच्या किती पेशी जिवंत पोहोचतील व त्या किती प्रथिन तयार करतील, हे रुग्णाच्या आहारावर आणि आतड्याच्या गतीवर अवलंबून असते. अशा अनिश्चित मात्रेवर इन्शुलिनचा उपचार उभारता येत नाही.

रक्ताकडे जाण्याचा एक निराळा मार्ग यीस्टच्या मृत पेशींनी दाखविला आहे. पेशीतील सर्व द्रव्य काढून टाकले की, ग्लुकान या शर्करा-बहुवारिकाचे दोन ते चार मायक्रॉन व्यासाचे पोकळ कवच उरते. लहान आतड्याच्या भिंतीत ठिकठिकाणी प्रतिकारशक्तीच्या पेशींचे पुंजके असतात. त्यांच्यावरील विशेष पेशी अशी कवचे आत ओढून घेतात व भक्षक पेशींच्या स्वाधीन करतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये अशा कवचांत जनुकाचे कार्य थांबविणारे रेणू भरून उंदरांना तोंडावाटे दिले आणि त्यांच्या शरीरातील दाह कमी झाल्याचे दाखविले. हा मार्ग भक्षक पेशींपर्यंत जातो. म्हणून तोंडावाटे लस देण्यासाठी किंवा दाह शमविण्यासाठी त्याचा विचार होतो. इन्शुलिनची रोजची मात्रा रक्तात सोडण्यासाठी तो पुरेसा नाही.

जिवंत औषधाचे नियंत्रण

उंदरातील यश आणि माणसातील उपचार यांत मोठे अंतर असते. यीस्टच्या आधी जिवाणूंवर झालेल्या प्रयोगांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. बेल्जियममधील गेंट येथे २००० साली दुधातील लॅक्टोकॉकस या जिवाणूला दाहशामक प्रथिन तयार करण्यास शिकविण्यात आले आणि उंदरांत त्याचा चांगला गुण दिसला. पुढे त्या जिवाणूचे एक अत्यावश्यक जनुक काढून त्याच जागी औषधी जनुक बसविण्यात आले, त्यामुळे थायमिडीन बाहेरून मिळाल्याशिवाय तो जगू शकत नाही. २००६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे दहा रुग्णांवर झालेल्या चाचणीत तो सुरक्षित आढळला. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र औषध नसलेल्या कॅप्सुलांच्या तुलनेत ठळक फायदा दिसून आला नाही. सुरक्षितता सिद्ध होणे आणि उपयोग सिद्ध होणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे या अनुभवाने स्पष्ट झाले.

यीस्टच्या बाबतीतही हीच कसोटी लागेल. साधे बुलार्डी यीस्ट बहुसंख्य लोकांना निर्धोक असले तरी, प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या अत्यवस्थ रुग्णांत ते रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून अशा रुग्णांना ते देऊ नये, असा इशारा औषध-नियंत्रकांनी दिला आहे. जनुक बदललेले यीस्ट विष्ठेवाटे बाहेर पडणार, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाहेरच्या मातीत व पाण्यात ते टिकू नये यासाठी, प्रयोगशाळेत पुरविलेल्या विशिष्ट पोषकद्रव्याशिवाय न वाढणारे प्रकार तयार केले जातात. तसेच प्रतिजैविकाला दाद न देणारे कोणतेही जनुक अशा पेशीत राहू न देण्याची दक्षता घेतली जाते.

भारतात अशा जिवांच्या निर्मितीवर व वापरावर पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली १९८९ साली केलेल्या नियमांचे नियंत्रण आहे. प्रयोग करणाऱ्या संस्थेतील जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची आढावा समिती आणि पर्यावरणात जीव सोडण्यासंबंधी मूल्यमापन करणारी केंद्रीय समिती अशी ही उतरंड आहे. याशिवाय औषध म्हणून मान्यता मिळविण्यासाठी मानवी चाचण्यांचे सर्व टप्पे ओलांडावे लागतात.

हे काम यशस्वी झाल्यास त्याचा लाभ मोठा आहे. कोरडे यीस्ट पुडीत भरून सामान्य तापमानात बराच काळ ठेवता येते. ते वाढविण्यास साखर व साधे क्षार पुरतात, आणि प्रथिन शुद्ध करण्याचा खर्च वाचतो. जेथे शीतपेटी पोहोचत नाही व टोचण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका रोज उपलब्ध नसते, अशा दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना याचे मोल सर्वांत अधिक वाटेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह जतन केलेला आहे. लसनिर्मितीत यीस्ट वाढविण्याचा अनुभवही देशात आहे. या विषयात काम करू इच्छिणाऱ्या तरुण संशोधकांना ही पूर्वतयारी उपयोगी पडण्यासारखी आहे.

तूर्त मात्र जनुक बदललेल्या यीस्टचे कोणतेही गिळावयाचे प्रथिन-औषध रुग्णांसाठी मान्य झालेले नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे यीस्ट हे साधे यीस्ट असून त्यातून इन्शुलिन किंवा प्रतिपिंडे मिळत नाहीत. तोंडावाटे घेण्याचे नवे औषध आल्याच्या ऐकीव बातमीवर विसंबून कोणीही इन्शुलिनचे इंजेक्शन बंद करू नये; तसे करणे प्राणावर बेतू शकते. आतड्याच्या रोगांवर यीस्टच्या पेशी प्रथम उपयोगी पडतील, असे आजच्या प्रयोगांवरून दिसते. घरातील मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यातून मिळणार नाही. परंतु औषध जेथे हवे तेथेच ते तयार करता येते, हे या सूक्ष्म पेशीने दाखवून दिले आहे आणि पुढील संशोधनाचा पाया म्हणून ही प्रगती निश्चितच मोलाची आहे.